दुनायेत्सवरचा तराफा

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने राजधान्यांची वर्णने करावीत, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज पोलंडच्या दक्षिण सीमेवरील एका नदीविषयी आणि तिच्या काठच्या लहानशा गावाविषयी बोलणार आहोत. जुना धंदा बुडाला म्हणजे त्यातील विद्येचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडेही गावोगावी उभा आहे. त्याचे एक उत्तर आम्हांस त्या नदीवर पाहावयास मिळाले.

नदीचे नाव दुनायेत्स. तात्रा पर्वताच्या पायथ्याकडून ती येते व पुढे विस्तुलेस मिळते; विस्तुला बाल्टिक समुद्रास जाते. या जलमार्गाने पूर्वी डोंगरातील लाकूड दूर ग्दान्स्क बंदराकडे जाई. ओंडक्यांचे तराफे हाकणाऱ्यांना तिकडे फ्लिसाक म्हणतात. पुढे रेल्वे आली आणि हा व्यापार ओसरला. परंतु श्चावनित्सा गावच्या औषधी झऱ्यांसाठी येणारी मंडळी १९ व्या शतकातच हौसेने नदीची सफर करू लागली होती. फ्लिसाकांनी हे हेरले. ओंडक्यांऐवजी ते माणसे नेऊ लागले, आणि १९३४ साली त्यांनी आपला संघही स्थापन केला.

आमचा तराफा म्हणजे लाकडाच्या पाच अरुंद डोण्या, एकमेकींस दोरांनी बांधलेल्या. पुढच्या बाजूस डोण्यांमधील फटींत सदाहरित झाडांच्या हिरव्या डहाळ्या खोचल्या होत्या. ही शोभा असावी असे आम्हांस वाटले. पण पाण्याचा शिंतोडा आत येऊ नये म्हणून ती योजना होती. तराफ्यास ना शीड, ना यंत्र. पुढे एक व मागे एक असे दोन फ्लिसाक लांब काठ्या घेऊन उभे. अंगात भरतकामाचे निळे जाकीट, डोक्यावर शिंपल्यांनी मढवलेली टोपी. नदी उथळ, म्हणून काठी तळाला टेकवून तराफा वळवावयाचा. बळ पाण्याचे, दिशा माणसाची.

पिएनिनी डोंगरांतून ही नदी नागमोडी जाते. घळीची दोन टोके सरळ रेषेत तीन किलोमीटरांच्या आत आहेत. नदी मात्र तेवढ्यासाठी आठ-नऊ किलोमीटर फिरते. डोंगर आडवा असता नदी त्यातून गेली कशी? याचे एक स्पष्टीकरण असे की, नदी आधीची आणि डोंगर नंतरचा. चुनखडीचे थर हळूहळू वर उचलले जात असता नदीने आपली वाट सोडली नाही. ती त्यांना कापीत राहिली. ‘तीन मुकुट’ नावाचे ९८२ मीटर उंचीचे शिखर त्या कापलेल्या भिंतींवर उभे आहे.

घळीत नदीच्या एका काठी पोलंड, दुसऱ्या काठी स्लोव्हाकिया. डिसेंबर २००७ पासून येथील सरहद्दीवरची नेहमीची तपासणी संपली. आमचा पुढचा फ्लिसाक दोन्ही काठांच्या दंतकथा सांगत होता. येथे म्हणे यानोशिक नावाच्या दरोडेखोराने एका उडीत नदी ओलांडली! सारे हसत होते. परंतु वळण जवळ येताच तो एकदम गप्प झाला, काठी रोवली, आणि तराफा खडकापासून हातभर अंतरावरून सुटला. तेव्हा आम्हांस कळले की, जाकीट आमच्यासाठी आहे, काठी नदीसाठी.

श्चावनित्सा येथे उतरताच तराफा सोडून डोण्या मालमोटारीवर चढविल्या गेल्या व पुन्हा वर रवाना झाल्या. तेथील झऱ्याचे पाणी आंबट, खारट आणि वायूने फसफसणारे. पहिला घोट घशाखाली उतरणे कठीण. रात्री एका घरी उतरलो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, हे आम्ही सांगितले. घरमालकीणबाईंनी शेजारणीस बोलावून आणले, आणि ती हकीकत आम्हांस पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागली.

या नदीस दुःखही ठाऊक आहे. वरच्या अंगास चोर्श्टिनचे धरण १९९७ साली सुरू झाले. त्याच जुलैच्या महापुरात त्याने खालची गावे राखली. परंतु त्यासाठी मानिओवी हे गाव उठवून नव्या जागी वसवावे लागले होते. कोयनेकाठच्या लोकांना याचा अर्थ सांगावयास नको.

२०२२ साली युनेस्कोने पोलंडसह सहा देशांतील तराफे हाकण्याच्या विद्येस मानवजातीच्या वारशात स्थान दिले. हा मान योग्यच होय. पण विद्या यादीत नाव लागल्याने जगत नाही. रोज कोणाला तरी तिची गरज पडावी लागते, आणि ती गरज शोधण्याची तयारी विद्या जाणणाऱ्यांनी ठेवावी लागते. फ्लिसाकांनी माल बदलला, काठी टाकली नाही. आपल्याकडच्या किती कारागिरांना हे करण्याची संधी आपण देतो, याचा विचार घरी जाताना प्रत्येकाने करावा, एवढीच विनंती.