एका गुणाकाराचं भगदाड

इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘ब्यूटीचेन’ या टोकनवर २२ एप्रिल २०१८ रोजी हल्ला झाला. कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता; गुणाकार चुकला होता.

या टोकनच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, एकाच वेळी वीस जणांपर्यंत टोकन पाठवायची सोय होती. पाठवणाऱ्याच्या खात्यातून वजा करायची रक्कम म्हणजे माणसांची संख्या गुणिले प्रत्येकाचा वाटा. पण त्या आकड्याला २५६ बिटांची मर्यादा. गाडीच्या जुन्या मीटरवर सगळे नऊ संपले की पुन्हा शून्यं येतात, तसंच इथे होतं. हल्लेखोराने दोन पत्ते दिले आणि प्रत्येकाचा वाटा ठेवला २ चा २५५ वा घात. गुणाकार नेमका मर्यादेपलीकडे गेला, उत्तर आलं शून्य! शिल्लक पुरेशी आहे का, ही तपासणी सहज पार पडली. खात्यातून शून्य वजा झालं आणि दोन्ही पत्त्यांवर ७७ अंकी रक्कम जमा झाली. ‘ओकेईएक्स’ या बाजाराला या टोकनचे व्यवहार थांबवावे लागले.

चटका लावते ती वेगळीच गोष्ट. टोकन पाठवणाऱ्या त्याच फंक्शनमधली बेरीज-वजाबाकी ‘सेफमॅथ’ या सुरक्षित पद्धतीने लिहिलेली होती; गुणाकाराची तेवढी एक ओळ राहून गेली.

अशी कॉन्ट्रॅक्ट ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीच्या डिसेंबर २०२० मधल्या ०.८.० आवृत्तीपासून मर्यादा ओलांडणारं असं गणित आपोआप अडतं आणि व्यवहार रद्द होतो. त्याआधीच्या आवृत्तीत लिहिलेलं कॉन्ट्रॅक्ट हाती आलं, तर त्यातल्या प्रत्येक गुणाकारावर बोट ठेवून तपासा.