मिरजेच्या सतारीला माईक लावावा की पिकअप?

आमचा धंदा कापडाचा. मालासाठी इचलकरंजीला जाणे-येणे नेहमीचेच. परतताना मिरजेला गाडीला वेळ असला की सतारमेकर गल्लीत एका जुन्या ओळखीच्या कारागिराकडे चहा ठरलेला. मागच्या खेपेस तेथे एक पेच पाहिला. तो एका दुकानाचा नाही, वाद्य बनविणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्वांचा आहे असे वाटले, म्हणून या पानावर मांडत आहोत.

एक तरुण गिऱ्हाईक आले होते. सतार पसंत होती, पैसे तयार होते. अट एकच होती. गिटारला असतो तसा पिकअप तबलीला भोक पाडून आत बसवून द्यायचा. कारागीर म्हणाले, "बेटा, भोक पाडायला पाच मिनिटे लागतात. बुजवले तरी तबली पहिल्यासारखी होत नाही." गिऱ्हाईक म्हणाले, "चाचा, पण स्टेजवर आवाजच पोचत नसेल तर सतार घेऊन करू काय?" दोघांचेही खरे होते आणि सौदा मोडायच्या बेताला आला होता.

आम्ही साउंडवाले नव्हे. परंतु लाऊडस्पीकरचा धंदा करणाऱ्यांना आणि गिटार वाजविणाऱ्यांना विचारून जे समजले ते सरळ भाषेत सांगतो.

प्रथम फरक समजून घ्यावा. माईक हवेतला आवाज ऐकतो. तार, घोडी, तबली, भोपळा या सगळ्यांचा मिळून जो नाद बाहेर येतो, तो माईक घेतो. पिकअप हवेतला आवाज असा ऐकत नाही. तो तारेची किंवा लाकडाची थरथर घेतो. म्हणजे माईक पूर्ण थान पाहतो, पिकअप फक्त सूत तपासतो. दोन्हींची गरज पडते, पण एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

पिकअप मुख्यतः दोन जातींचे. पहिला चुंबकाचा. यात चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. समोर पोलादी तार हलली की वीज उत्पन्न होते. लोखंडी गिटारला हा चालतो, नायलॉनच्या तारांना मुळीच चालत नाही. सतारीत पोलादी तारांबरोबर पितळी किंवा ब्राँझच्या तारा असतात. पितळेला चुंबक विचारीत नाही, त्यामुळे खर्ज दबतो आणि वरच्या तारा बोंबलतात. सतारीसाठी हा सौदा तोट्याचा.

दुसरा पिएझो. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निघते, हे फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखविले. गिटारमध्ये याची पट्टी घोडीतल्या हाडाखाली बसवितात, किंवा रुपयाएवढी चकती लाकडाला चिकटवितात. तार कोणत्याही धातूची असो, हा पिकअप घेतो. मात्र याचा आवाज थोडा कोरडा, टणटणीत येतो. सतारीची जवारी, जिच्यावर कारागीर तासन्‌तास घासकाम करतो, ती यातून खरखरीत ऐकू येण्याचा धोका असतो. तबलीला बोट लागले तरी खट्‌ असे येते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पिएझो थेट साध्या मिक्सरला जोडला तर खर्ज मरतो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. मध्ये प्री-अ‍ॅम्प हवा, ज्याचा इनपुट इंपीडन्स दहा लाख ओहम किंवा अधिक असेल. कित्येक गिऱ्हाइके "पिकअप खराब दिला" म्हणून परत येतात, तेव्हा दोष पिकअपचा नसून जोडणीचा असतो.

आता माईक. डायनॅमिक माईक दणकट असतो, धक्के सोसतो. कंडेन्सर माईक नाजूक असतो, पण बारकावे जास्त घेतो. त्याला बहुधा मिक्सरमधून 48 व्होल्ट द्यावे लागतात. गिटारला माईक भोकासमोर धरू नये, घुमतो. दांडी पेटीला मिळते तेथे, वीतभर ते फूटभर अंतरावर धरावा. सतारीला छोट्या स्टँडवर, घोडीच्या आसपास तबलीकडे तोंड करून ठेवावा आणि दोन-चार इंच सरकवून कानाने जागा ठरवावी.

माईकचा मोठा दोष म्हणजे शिट्टी. स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि चक्र सुरू होते. माईक दूर नेला की वाद्याचा आवाज कमी मिळतो, साउंडवाला बटण चढवितो आणि शिट्टी लवकर सुरू होते. म्हणून माईक जवळ ठेवावा, एकदिशा माईक घ्यावा आणि वादकासमोरचा स्पीकर माईकच्या पाठीमागे येईल असा मांडावा. पिकअपलाही शिट्टी येते, परंतु पुष्कळ उशिरा.

तेव्हा निवड अशी करावी. घरची बैठक, छोटे सभागृह, रेकॉर्डिंग असेल तर माईकच. तबला, की-बोर्ड, ड्रम सोबत असलेले मोठे स्टेज किंवा उघडे मैदान असेल तर पिकअप. जमल्यास दोन्ही लावावेत. जोर पिकअपचा, गोडवा माईकचा.

परंतु कारागिरांना आमची कळकळीची विनंती आहे की तबली कापू नये. मिरजेत हा हुनर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आला. हत्यारांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, ते काम आटल्यावर, हातातले कसब वाद्याकडे वळविले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जी.आय. मानांकन मिळाले आहे. भोक पाडलेली सतार उद्या बेसूर वाजली तर लोक पिकअपवाल्याचे नाव घेणार नाहीत, मिरजेचे घेतील.

त्या दिवशी काय झाले ते सांगून संपवितो. आमच्या सांगण्यावरून कारागिरांनी शेजारून चिकटवायची एक चकती आणि छोटा प्री-अ‍ॅम्प मागविला. चकती मऊ पुट्टीने घोडीजवळ तबलीवर लावून पाहिली, मग बोटभर बाजूला सरकवली. तिसऱ्या जागेवर आवाज बसला. काढताना हळूच काढली, पॉलिशला ओरखडा नाही. गिऱ्हाईक खुश झाले आणि चाचांची तबली शाबूत राहिली.

कापडात आम्ही नमुना दाखविल्याशिवाय ठाण फाडीत नाही. फाडलेले कापड परत घेता येत नाही. वाद्याचेही तेच. दुकानात एक चकती, एक प्री-अ‍ॅम्प आणि एक माईक नमुन्याला ठेवावा, गिऱ्हाइकाला दोन्ही ऐकवावे, आणि काय बसवून दिले ते बिलावर लिहावे. खर्च थोडा होईल, तक्रारी मात्र नक्की कमी होतील.