हात गारठतात, पण ऊब द्यायची असते अंगाला



डिसेंबर लागला की आपल्याकडे दोन कामं एकदमच अंगावर येतात. एक उन्हाळ कांद्याची लागवड आणि दुसरं द्राक्षबागेतलं काम. त्यात आपला निफाड-दिंडोरी-सिन्नरचा पट्टा. इथला पारा किती खाली उतरतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. थंडी फारच वाढली की द्राक्षवाले शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं पाणी सोडतात. घडांना थंडीचा फटका बसू नये म्हणून. बरोबरच आहे, वर्षाचं पीक असतं ते. पण त्याच बागेत सकाळी कामाला येणाऱ्या बाईच्या अंगावर काय असतं? साडी, वरून नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला रुमाल.

गटांच्या बैठकीत मी थंडीचा विषय काढला की बहुतेक जणी हसतात. "ताई, थंडी काय दरवर्षीचीच आहे, सवय झाली आता." पण मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येते. बोटं आखडतात. खुरपं हातातून सुटतं. विळा लागला तर रक्त दिसल्यावर कळतं. रात्री बोटांना खाज सुटते, झोप लागत नाही. ही सवय नाही, हा त्रास आहे. आणि त्यातला बराचसा त्रास थोड्या खर्चात कमी करता येतो. कसा ते या लेखात बघू.

हातच आधी का गारठतात?

आपल्या अंगाची आतली उष्णता साधारण ३७ अंश सेल्सियस असते. हृदय, फुफ्फुसं, मेंदू यांना तेवढी ऊब लागतेच. बाहेर थंडी वाढली की शरीर आपल्या घरासारखंच वागतं. पैसा कमी पडला की आपण आधी पोटापाण्याचा खर्च भागवतो, बाकीचा मागे ठेवतो. तसंच शरीर आधी छाती-पोटाला गरम रक्त पुरवतं आणि हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. म्हणून बोटं गार पडतात, पांढरी दिसतात, बधिर होतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हात गार पडले म्हणजे फक्त हातांना ऊब हवी असं नाही. छाती, पाठ, पोट आणि डोकं झाकलेलं असेल तर शरीर हातांकडे रक्त सोडायला तयार होतं. नुसते हातमोजे घातले आणि पाठ उघडी राहिली तर बोटं गारच राहतात.

ओलेपणा आणि वारा

कोरड्या हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी वेगाने ओढून नेतं, जवळपास २५ पट. आता कांद्याची लागवड डोळ्यांसमोर आणा. वाफ्यात पाणी सोडलेलं, पाय चिखलात, हात चिखलात, साडीचा काठ भिजून पोटऱ्यांना चिकटलेला. वरून सकाळचा वारा. म्हणजे थंडी एक आणि तिला मदत करणारे दोघे.

रात्रीची लाइट असली की दारं धरायला जाणाऱ्या बायकांचंही हेच. पाण्यात उभं राहून दोन-तीन तास. त्या वेळी अंग कोरडं ठेवणं हे स्वेटरइतकंच महत्त्वाचं असतं.

सुती कपडा भिजला की त्याची ऊब संपते, उलट तो अंग गार करतो. लोकर भिजली तरी बरीच ऊब धरून ठेवते. आपल्याकडच्या धनगर बांधवांची घोंगडी याच कारणाने इतकी वर्षं टिकून आहे. दव, भुरभुर पाऊस तिच्यावरून ओघळून जातो आणि आत ऊब राहते. घरात जुनी घोंगडी पडून असेल तर तिला पेटीतून बाहेर काढा.

अंगावर काय घालायचं?

एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. कपड्यांच्या मधे हवा अडकते आणि ती हवाच आपली ऊब धरून ठेवते. गोधडीत आपण जुन्या साड्यांचे थर का घालतो? तेच तत्त्व.

– सगळ्यात आत अंगाला नीट बसणारा कोरडा कपडा. मुलीचा जुना टी-शर्टही चालेल.
– त्यावर स्वेटर.
– सगळ्यात वर पूर्ण बाह्यांचा शर्ट. बऱ्याच जणी शर्ट आत आणि स्वेटर वर घालतात. स्वेटरच्या जाळीतून वारा आत शिरतो. शर्ट वर घातला तर वारा अडतो आणि स्वेटरला चिखलही लागत नाही.
– साडीच्या आत लेगिंग किंवा जुनी सलवार. मांड्या-पोटऱ्या झाकल्या की फरक लगेच जाणवतो. काठ वर खोचून घ्या म्हणजे भिजणार नाही.
– कान आणि मान झाकेल असा स्कार्फ.
– मनगट झाकलेलं असू द्या. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात. जुन्या पायमोज्याचा पंजा कापून टाकला की मनगटासाठी छान पट्टा होतो.

ऊन वर आलं, घाम यायला लागला की एक कपडा काढा. घामाने भिजलेलं अंगही नंतर गारच पडतं. आणि सोबत पिशवीत एक कोरडा ब्लाउज, पायमोजे आणि टॉवेल ठेवा. काम संपलं की ओले कपडे बदलून मगच टेम्पोत बसा. ओल्या साडीने उघड्या टेम्पोतून येणं म्हणजे दिवसभरातली सगळ्यात वाईट थंडी.

हातांसाठी

चिखलाच्या कामाला रबरी हातमोजे घ्या, पण आपल्या मापाचे. सैल मोज्यात रोप पकडता येत नाही, मग बायका मोजे काढून ठेवतात. फार घट्टही नकोत, रक्त अडतं. आत पातळ सुती मोजे घातले तर ऊब राहते. एक जोडी ओली झाली की दुसरी कोरडी हाताशी हवी. कांद्याचं रोप अंगठ्याने दाबून लावावं लागतं, पहिल्या दिवशी मोज्यात हात अडखळतो हे खरं आहे. एक-दोन वाफे सरावाचे धरा.

द्राक्षाच्या डिपिंगला तर मोजे हवेतच. तिथे हात नुसते ओले नसतात, औषधाच्या पाण्याने ओले असतात. फाटलेला मोजा घालू नका, औषध आत साचून राहतं.

हात बधिर झाले तर काम थांबवा. हात पुसून कोरडे करा आणि दोन्ही हात काखेत धरून बसा, काख ही शरीराची फुकटची शेगडी आहे. किंवा उभं राहून दोन्ही हात खांद्यापासून गोल गोल जोरात फिरवा. रक्त बोटांपर्यंत जातं. सुरुवातीला झिणझिण्या येतात, घाबरू नका.

तेल किंवा व्हॅसलिन लावल्याने ऊब येत नाही, पण कातडी फुटत नाही. म्हणून रात्री हात धुऊन, पुसून जरूर लावा. भेगांमधून चिखल आत गेला की हात चिघळतो.

बोटं लाल-जांभळी होऊन सुजत असतील, खाजत असतील, तर ती थंडीचीच सूज आहे. अशा वेळी हात एकदम विस्तवावर किंवा कढत पाण्यात धरू नका. बधिर हाताला चटका कळत नाही आणि सूजही वाढते. कोमट पाणी घ्या आणि ते कोपर बुडवून तपासा, बोटाने नाही.

पोटात काय जातं, तेही बघा

शरीर ऊब तयार करतं ती अन्नातून. उपाशीपोटी, नुसत्या चहावर शेतात गेलं तर चुलीत सरपणच घातलं नाही असं होतं. सकाळी निघताना बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तीळ-गूळ, जे असेल ते खाऊन निघा. दहाच्या सुमाराला खायला चार शेंगदाणे आणि गूळ बांधून घ्या. पाणीही प्या. शेतात आडोसा नसतो म्हणून आपण पाणी टाळतो, त्याने लघवीचा त्रास होतो तो वेगळाच.

आता एक नावडती गोष्ट. मिश्री आणि तंबाखू. "मिश्री लावली की तरतरी येते" असं खूप मावशी सांगतात. पण तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे थंडी जे करते तेच मिश्री करते. ज्यांची बोटं लवकर पांढरी पडतात त्यांनी तरी कामाआधीची मिश्री बंद करून बघावी. दारूचंही तसंच. घेतल्यावर गरम वाटतं, कारण रक्त कातडीकडे येतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. रात्री पाण्यावर जाणाऱ्या घरातल्या पुरुषांना हे जरूर सांगा.

इतर बायकांपेक्षा तुम्हाला जास्तच थंडी वाजते का? दम लागतो, थकवा येतो का? मग रक्त तपासून घ्या. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे आणि रक्त कमी असलं की थंडी जास्त लागते. उपकेंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. आशाताईंना विचारा.

शेकोटी आणि शेगडी जपून

शेकोटीजवळ पदर खोचून बसा. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी पेटली की अंगाला चिकटते. आणि प्लास्टिक, टायर, औषधाच्या रिकाम्या पिशव्या पेटवू नका, तो धूर विषारी असतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बंद खोलीत किंवा कोपीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. झोपण्याआधी शेगडी घराबाहेर काढा. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या नातेवाइकांना फोन करून हे आवर्जून सांगा.

हे दिसलं तर काम थांबवा

हुडहुडी भरणं हा शरीराचा पहिला इशारा. त्यानंतर बोलणं अडखळतं, पाय लटपटतात, माणूस गप्प-गप्प होतो, झोप येते म्हणतो. आणि हुडहुडी थांबली पण माणूस सुस्त पडला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, धोक्याचं आहे. शरीराची उष्णता ३५ अंशांच्या खाली गेली की असं होतं.

अशा बाईला आडोशाला न्या. ओले कपडे काढा, कोरड्या गोधडीत गुंडाळा. आधी छाती-पोटाला ऊब द्या, हातपाय जोरात चोळू नका. शुद्धीत असेल तर गोड गरम चहा द्या, नसेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

सोबत लहान बाळ असेल तर त्याचं डोकं झाकून ठेवा. बाळ गारठलं का हे बघायला त्याच्या हातांना नाही, पोटाला हात लावून बघा. पोट गार लागलं तर बाळाला उघडं करून छातीशी धरा आणि वरून पांघरूण घ्या.

गटाने काय करायचं?

एकटी बाई हातमोजे घ्यायला गेली की मनात येतं, "एवढ्यात पोराची वही येईल." घरात स्वेटर आधी पोरांना, मग नवऱ्याला, मग सासूला. आपला नंबर लागेपर्यंत संक्रांत येते. म्हणून हा विषय एकटीचा न ठेवता गटाचा करू. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी चर्चेला घ्या आणि ठराव लिहा.

एक, हातमोज्यांची एकत्र खरेदी. प्रत्येकीच्या हाताचं माप घ्या, दोन-तीन दुकानांत भाव विचारा. घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं. एका दिवसाच्या मजुरीच्या आत एका बाईचे मोजे होतात. एकदम पैसे जमत नसतील तर गटातून द्या आणि हप्त्याने वसूल करा.

दोन, कामाची वेळ. लागवड उक्ती घेतली असेल तर वेळ टोळीच्या हातात आहे. कडाक्याच्या दिवसांत एक तास उशिरा सुरू करा. रोजंदारी असेल तर शेतकऱ्याशी सगळ्या मिळून बोला. सकाळी पहिल्यांदा कोरडं काम द्या, चिखलाचं काम ऊन वर आल्यावर. बधिर हाताने रोप वाकडं लागतं, घड तुटतात, म्हणजे नुकसान त्यांचंही आहे. असं मांडलं की पटतं.

तीन, बांधावर शेकोटी आणि मधल्या वेळेत गरम चहा. मागायला लाजू नका. घडांसाठी पेटते ती शेकोटी आपल्या हातांसाठीही पेटू शकते.

बैठकीत काय ठरलं ते मला ग्रामसंघाच्या सभेत सांगा. आणि तुमच्या मापाचे मोजे कुठे चांगले मिळाले तेही सांगा, म्हणजे दुसऱ्या गावांना कळवता येईल.

– तुमची क्षेत्र समन्वयक