तीन फुटांचं दार, अकरा पानं

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फूलबाजाराबाहेर उभं राहिलं, की तोरणाचा सगळा हिशेब डोळ्यांसमोर मांडलेला दिसतो. एकीकडे झेंडूचे ढीग, शेजारी आंब्याच्या डहाळ्या आणि मधे फुटपाथवर गोणपाट टाकून बसलेल्या बायका. हात थांबत नाहीत: फूल, फूल, पान, फूल, फूल, पान. तयार तोरण महाग वाटतं ते या हातांमुळे, आणि ते रास्तच आहे. रात्र जागून ओवणाऱ्या बाईशी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालायची नसेल आणि खिसाही सांभाळायचा असेल, तर सुटी फुलं घ्यावीत आणि ओवायला घरी बसावं.

फ्लॅटचं मुख्य दार साधारण तीन फुटांचं, म्हणजे 36 इंचांचं. दर तीन इंचांवर एक पान धरलं तर 11 पानं लागतात आणि 12 जागा उरतात. प्रत्येक जागेत दोन फुलं, म्हणजे 24. दोन्ही टोकांना लोंबत्या सरांसाठी पाच-पाच. झाली 34 फुलं. अर्धा किलो आणली तर देवाला आणि स्कूटरलाही पुरावीत. दोरा सुती घ्यावा, दारापेक्षा दुप्पट लांब. सर, गाठी आणि मधला झोळ यांत तो कधी संपतो ते कळत नाही.

फूल घेताना पाकळ्यांच्या रंगावर जाऊ नये. देठाकडची हिरवी वाटी दाबून पाहावी. ती घट्ट असेल तर फूल टिकतं. परतीच्या पावसात भिजलेला झेंडू वरून टवटवीत दिसतो आणि आतून कुजत असतो. एका वर्षी मी तसलीच फुलं आणली आणि पिशवीला गाठ मारून झोपलो. सकाळी पिशवी आतून घामेजलेली, फुलं काळपट, आणि वास तर विचारूच नका. तेव्हापासून फुलं आणली की आधी वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवतो.

आंब्याची पानं गडद हिरवी, जून झालेली हवीत. तांबूस कोवळी पालवी देखणी खरी, पण तासाभरात मान टाकते. पान देठाकडून दोऱ्यावर मागे दुमडायचं आणि दुमडलेल्या भागात हिरेचा बोटभर तुकडा टाके घातल्यासारखा टोचायचा. खराट्याची एक काडी धुऊन घेतली की काम भागतं. स्टेपलरनं झटपट होतं, पण पुढे तोरण कुंडीत टाकताना त्या पिना वेचत बसावं लागतं. झेंडूला सुई हिरव्या वाटीतून घालून फुलाच्या मधोमध काढावी. आडवी टोचली तर पाकळ्या सुटतात.

एवढी मराठमोळी झालेली ही फुलं मूळची मेक्सिकोकडची. तिथे नोव्हेंबरात पितरांच्या सणाला याच झेंडूची आरास करतात. आपल्याकडे फुलं विकत आणायची वेळ आली ती शहरात. कोकणात नवान्नाला दाराला ‘नवं’ बांधतात: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुर्डूचं फूल, सगळं आंब्याच्या पानात गुंडाळून. जे त्या दिवसांत शेतात आणि बांधावर उभं असतं तेच दारावर येतं. मग शहरातल्या तोरणातही झेंडू कमी पडला तर शेवंती, तगर किंवा कुंडीतला तेरडा गुंफायला काय हरकत आहे?

खरी काटकसर तोरण वाळल्यावर सुरू होते. वाळलेलं फूल चुरगाळलं की काड्यांसारखं काळं बी हातात येतं. भरगच्च फुलांत ते कमी असतं आणि संकरित झेंडूचं पुढचं फूल हुबेहूब येईलच असंही नाही, पण दाराला तेवढं चालतं. आषाढी एकादशीच्या सुमारास ते कुंडीत पेरावं, महिन्याभरानं शेंडा खुडावा म्हणजे रोप फांद्या धरतं, आणि ऊन द्यावं. एकादशीपासून दसरा साधारण तीन चांद्रमासांवर, झेंडूला फुलायला तेवढा वेळ पुरतो.

माझ्या खिडकीत गेल्या वर्षी 19 फुलं आली. उरलेली 15 बाजारातून आणली, भाव न करता.