आमदारांची मार्कशीट मागितलीय कधी?

कॉलेजच्या गेटसमोरचा चौक आठवा. निवडणूक जवळ आली की तिथे एक भलामोठा फ्लेक्स लागतो. हात जोडलेला हसरा फोटो, शेजारी 'कार्यसम्राट' नाहीतर 'विकासपुरुष', आणि खाली ठळक आकड्यांत 'मतदारसंघासाठी आणला इतक्या हजार कोटींचा निधी'. आपण एक नजर टाकतो, हातातला वडापाव संपवतो आणि लेक्चरला पळतो.

आता जरा हिशेब करा. आमदारांची टर्म पाच वर्षांची, म्हणजे तुमच्या भाषेत दहा सेमिस्टर. तुम्हाला एका विषयात एटीकेटी लागली तरी घरी उलटतपासणी होते. आमदार मात्र दहा सेमिस्टरनंतर पुन्हा मत मागायला येतात, तेव्हा मार्कशीट कोणी मागतच नाही. फ्लेक्सलाच मार्कशीट समजून आपण मोकळे होतो. पण फ्लेक्स छापतो कोण? ज्याची परीक्षा आहे तोच! स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच तपासायचा, अशी सोय आपल्याला मिळाली असती तर काय हवं होतं?

सांगोल्याची गोष्ट

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा दुष्काळी तालुका. डाळिंबासाठी प्रसिद्ध आणि पाण्यासाठी आसुसलेला. इथून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर गेले आणि एकूण ११ वेळा निवडून आले. दोनदा मंत्रिपद मिळालं, पण बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते. एसटीने प्रवास करणारे आमदार ही त्यांची ओळख होतीच, पण सभागृहात दुष्काळ, पाणी आणि शेतीच्या प्रश्नांवर अभ्यास करून बोलणारा माणूस ही त्याहून मोठी ओळख. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले.

आता यातली गंमत बघा. एवढा रेकॉर्ड असलेला हा माणूस दोनदा हरलाही. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांनी त्यांना हरवलं, ते फक्त १९२ मतांनी. २०१९ मध्ये गणपतराव स्वतः उभे राहिले नाहीत, त्यांचे नातू उभे राहिले. तेव्हाही शहाजीबापूच जिंकले, ७६८ मतांनी. १९२ म्हणजे किती? तुमच्या कॉलेजच्या दोन वर्गांतली मुलं. 'माझ्या एका मताने काय फरक पडतो' असं कट्ट्यावर कोणी म्हटलं तर हे दोन आकडे सांगा.

हेच शहाजीबापू जून २०२२ मध्ये 'काय झाडी, काय डोंगार' या एका फोन संभाषणामुळे देशभर पोहोचले. त्यावर रील्स झाले, गाणी झाली. तुम्हीही स्टेटसला ठेवलं असेल! २०२४ मध्ये ते पुन्हा मत मागायला उभे राहिले, तेव्हा प्रचारात त्यांचा भर पाणी योजनांवर आणि आणलेल्या निधीवर होता. लढत तिरंगी झाली आणि गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सुमारे २५ हजार मतांनी निवडून आले.

कोण का हरलं, याचं एकच कारण सांगता येत नाही. पक्षफूट, आघाड्या, जुनी घराणी, जातीची गणितं असं सगळंच त्यात असतं. पण दोन गोष्टी दिसतात. व्हायरल होणं म्हणजे काम नव्हे. आणि कामाचा रेकॉर्ड असला म्हणून जागा आपोआप राखली जाते असंही नाही. तो रेकॉर्ड कोणीतरी वाचावा लागतो. वाचणारे कोण? आपणच.

मग तपासायचं काय?

पहिलं म्हणजे सभागृहातलं काम. आमदारांचं मूळ काम कायदे करणं, सरकारला प्रश्न विचारणं आणि बजेटवर लक्ष ठेवणं. विधानसभेत २८८ आमदार. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तिथे आमदार तारांकित प्रश्न विचारतात, लक्षवेधी सूचना मांडतात, अशासकीय विधेयकही आणू शकतात. कामकाजाचे वृत्तांत आणि प्रश्नोत्तरं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सापडतात. तुमच्या आमदारांनी तुमच्या तालुक्याचे प्रश्न विचारले का, की नुसतीच घोषणाबाजी केली, हे तिथे कळतं. एक गोष्ट लक्षात ठेवा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. आमदार मंत्री असतील तर त्यांच्या खात्याचा कारभार तपासा.

दुसरं म्हणजे आमदार निधी. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. हे पैसे त्यांच्या खिशात किंवा खात्यात येत नाहीत. आमदार कामं सुचवतात, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडून होते. या हिशेबाने पाच वर्षांचे झाले २५ कोटी. मग फ्लेक्सवरचे हजारो कोटी कुठून आले? ते बहुतेक राज्य आणि केंद्राच्या योजनांचे असतात. त्यासाठी आमदारांनी पाठपुरावा केला असेल तर श्रेय जरूर द्या, पण हात जोडून विचारा, 'साहेब, ही योजना कुठली आणि काम कुठवर आलंय?'

तिसरा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. एखाद्या कामाला आधी प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, आणि त्यानंतर कुठे कुदळ पडते. फ्लेक्स मात्र पहिल्या पायरीवरच लागतो. नारळ फुटतो, फोटो निघतो आणि पुढच्या निवडणुकीला तोच नारळ पुन्हा फुटतो! म्हणून 'मंजूर', 'सुरू' आणि 'पूर्ण' हे तीन शब्द वेगळे वाचायला शिका. कालव्याला मंजुरी मिळणं वेगळं आणि शेतात पाणी येणं वेगळं. सांगोल्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

चौथं म्हणजे शपथपत्र. उमेदवारी अर्जासोबत प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावे लागतात. मतदाराला ही माहिती मिळालीच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये ठणकावून सांगितलं. पुन्हा उभ्या राहिलेल्या आमदारांची दोन शपथपत्रं शेजारी ठेवा, मागच्या वेळचं आणि यावेळचं. संपत्ती वाढणं हा गुन्हा नाही, पण किती आणि कशामुळे वाढली हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. गुन्ह्यांच्या रकान्यातही घाई नको. आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि मारहाणीचा गुन्हा एकाच तराजूत तोलू नका. आणि खटला चालू असणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे.

गटार आणि कायदा

आमदारांवर अन्याय करायचा नसेल तर आणखी एक समजून घ्या. गल्लीतला दिवा, तुंबलेलं गटार, कचऱ्याची गाडी ही कामं नगरपालिकेची, महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची. आपण मात्र आमदारांना गटारावरून झोडतो, आणि विद्यापीठाच्या रिक्त जागा, रखडलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहं, भरती परीक्षांमधला घोळ यावर विचारायला विसरतो. हे राज्याचे विषय आहेत, आणि ते थेट तुमच्या आयुष्यातले आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात लाखो हातांना काम देणारी रोजगार हमी योजना घ्या. ती कल्पना मांडणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. पागेंच्या काळातले किती फ्लेक्स आज शिल्लक आहेत? कायदा मात्र राहिला.

पुढची विधानसभा २०२९ मध्ये. आज एफवायला असणारे तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा आमदारांसाठी पहिलं मत देतील. नाव नोंदवायला १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. त्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना ६.

पण तोवर हातावर हात धरून बसू नका. चार-पाच जणांचा ग्रुप करा. आत्ताच्या आमदारांचं शपथपत्र काढा, पुढच्या अधिवेशनातले त्यांचे प्रश्न वाचा, तुमच्या भागातली तीन कामं निवडा आणि दर सहा महिन्यांनी जाऊन त्यांचे फोटो काढा. वहीत तारीख टाका. पाच वर्षांनी फ्लेक्स लागेल तेव्हा तुमच्याकडेही एक कागद असेल. तो घेऊन सभेला जा आणि माईक मागा.