परवडणारी शिकारी रायफल

परवडणारी शिकारी रायफल म्हणजे हरणासारख्या मध्यम आकाराच्या प्राण्याच्या शिकारीसाठी मर्यादित खर्चात घेता येणारी, टिकाऊ व नेमाला भरवशाची रायफल होय. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील परिस्थितीचा विचार केला आहे. तेथे शिकार राज्य शासनाच्या परवान्याने, ठरावीक हंगामात चालते आणि अनेक ग्रामीण कुटुंबांत हरणाचे मांस घरच्या अन्नाचा भाग असते. अशा घरात रायफल ही हौसेपेक्षा गरजेची वस्तू ठरते.

मराठीत ‘बंदूक’ हा शब्द सरसकट वापरला जातो. तथापि जिच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, तीच रायफल. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व दूरवर सरळ राहते. गुळगुळीत नळीच्या छऱ्याच्या बंदुकीला हा गुण नसतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यांनी निकाली काढलेल्या लाखो रायफली अमेरिकेच्या बाजारात आल्या. ब्रिटिश ली-एनफिल्ड, जर्मन माउझर, इटालियन कारकानो अशा रायफली टपालानेही मागवता येत. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या १९६३ मधील हत्येत वापरलेली कारकानो रायफल अशीच टपालाने मागवलेली होती. दुर्बिणीसह तिची किंमत १९.९५ डॉलर होती. १९६८ च्या कायद्याने टपालाने होणारी आंतरराज्य विक्री आणि लष्करी रायफलींची आयात यांवर कडक बंधने आली.

लष्करी रायफल स्वस्त असली तरी तिचे शिकारी रायफलीत रूपांतर करणे स्वस्त नसे. लाकडी दस्ता कापणे, दुर्बिणीसाठी पोलादात भोके पाडणे, बोल्टची मूठ वाकवणे ही कामे कारागिराकडून करून घ्यावी लागत. त्यांचा खर्च काही वेळा मूळ किमतीहून अधिक होई.

कारखानदारांनी दुसरा मार्ग धरला. सॅव्हेज कंपनीच्या १९५८ च्या ‘मॉडेल ११०’ मध्ये नळी एका मोठ्या नटाने घट्ट केली जाते. त्यामुळे बोल्ट व काडतूस यांमधील अंतर प्रत्येक रायफलीत हाताने घासून जुळवावे लागत नाही आणि कुशल मजुरी वाचते. रेमिंग्टनच्या ‘मॉडेल ७८८’ (१९६७–१९८३) चे रूप अगदी साधे होते. दस्त्याचे लाकडही सामान्य होते. नेमाच्या अचूकतेत मात्र ती महागड्या रायफलींच्या बरोबरीने उभी राहिली. तिची सुटी काडतूसपेटी हा दुबळा भाग होता. जुनी ‘७८८’ घेताना ती पेटी सोबत आहे ना, हे आधी पाहावे.

काटकसरीचे उलट उदाहरणही आहे. विंचेस्टरच्या ‘मॉडेल ७०’ (१९३६) मध्ये १९६४ साली खर्च कमी करण्यासाठी बदल झाले. काडतूस पकडणारा मोठा पंजा गेला, दस्त्यावरील कोरीव जाळी दाबून उमटवली जाऊ लागली. नवी रायफल नेमाला वाईट नव्हती, परंतु शिकाऱ्यांची नाराजी इतकी टिकली की १९९० च्या दशकात कंपनीने जुनी रचना पुन्हा बाजारात आणली. २०१० नंतरच्या ‘सॅव्हेज ॲक्सिस’ व ‘रुगर अमेरिकन’ या रायफलींत प्लास्टिकचा दस्ता व साधी झिलई असते. त्यांवर हौशी लोक नाके मुरडतात. हरणाला मात्र झिलई दिसत नाही.

निवडीचे निकष

पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा असतो. गोळी त्याबाहेर लागल्यास प्राणी जखमी अवस्थेत रानात शिरतो आणि तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, यातना भोगतो. त्यामुळे पैसे कोठे वाचवावेत हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. रंगरूप व लाकूड यांवर खुशाल वाचवावे. नळी, चाप आणि दुर्बिणीची पक्की बैठक यांवर वाचवू नये. जड किंवा अडखळणाऱ्या चापाने ऐन वेळी नेम हलतो. दुर्बीण धक्क्याने सरकत असेल तर उत्तम नळीचाही उपयोग नाही. ३ ते ९ पट मोठे दाखवणारी साधी, पण नावाजलेली दुर्बीण बहुतेकांना पुरते.

काडतूस निवडताना गावातील दुकानात जे सहज मिळते ते घ्यावे. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .२४३ विंचेस्टर ही तशी काडतुसे आहेत. दुर्मीळ मापाची रायफल स्वस्तात मिळाली तरी काडतुसांच्या किमतीने ती महाग पडते आणि सराव कमी होतो. स्वस्त रायफली बहुधा हलक्या असतात व हलकी रायफल खांद्याला अधिक धक्का देते. धक्क्याच्या भीतीने नवशिका चाप ओढताना डोळे मिटतो. त्याच्यासाठी .२४३ अधिक योग्य.

हाती असलेली सर्व रक्कम रायफलीवर खर्च करणे हा सामान्यतः चुकीचा हिशेब होय. दुर्बीण, काडतुसे व सराव यांसाठी निम्म्याच्या आसपास रक्कम राखून ठेवावी. २०० यार्डांवर नेम बांधलेल्या .३०८ रायफलीची गोळी ३०० यार्डांवर सुमारे २० सेंटिमीटर खाली जाते. हे अंतर प्रत्यक्ष गोळ्या झाडूनच अंगवळणी पडते.

जुनी रायफल घेताना ती रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा व नळीतून उजेडाकडे पाहावे. खाचा स्पष्ट, चकचकीत हव्यात. नळीच्या तोंडाशी ठेच लागलेली नसावी, कारण तेथील बारीक इजाही गोळीची दिशा बिघडवते. शक्य असल्यास दस्ता सोडवून खालचा गंज पाहावा. तो विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक नसतो.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका निर्माण झाल्यास कलम ११ खाली सक्षम अधिकारी मर्यादित परवानगी देऊ शकतो. शस्त्राचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवाना असलेल्या ठासणीच्या वा एकनळी बंदुका शेतकऱ्यांकडे आढळतात. त्या रायफली नव्हेत. .३०३ हे लष्करी माप सामान्य परवानाधारकास मिळत नसल्याने पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने ली-एनफिल्डच्याच रचनेवर .३१५ मापाची नागरी रायफल तयार केली.