रोहित गुलाबी का?

गैरसमज: रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, गुलाबी असतो, तो सांजसकाळच्या आभाळात दिसेनासा व्हावा म्हणून.

वस्तुस्थिती: हे मत कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे. अ‍ॅबट थेयर या नामवंत अमेरिकी चित्रकाराने 1909 सालच्या पुस्तकात ते मांडलं. गुलाबी आभाळापुढे गुलाबी पक्षी रंगवून त्याने ते जवळजवळ पुसूनच टाकले. चित्र देखणं आहे, यात वाद नाही. पण पनवेलहून उरणकडे जा, फ्लेमिंगोंचा थवा उतरला असेल तेव्हा मावळतीला खाडीकाठी उभे राहा. उजेडाच्या आड आलेला पक्षी गुलाबी नव्हे, काळा दिसतो. आणि सूर्य तुमच्या पाठीशी असला तर करड्या चिखलावर तोच लांबूनही डोळ्यांत भरतो. रंग येतो खाण्यातून. शेवाळातली आणि बारीक जीवांमधली कॅरोटिनॉइड द्रव्यं पिसांत उतरतात. म्हणूनच पिल्लं करडी असतात. अध्यक्षपदावरून उतरलेल्या थिओडोर रूझवेल्टने 1911 मध्ये भलामोठा लेख लिहून थेयरची रेवडी उडवली.

गैरसमज: म्हणजे थेयर चुकलाच, आणि लपायचं तर सभोवतीचा रंग अंगाला फासला की झालं.

वस्तुस्थिती: इथे मात्र थेयरला मानावं लागतं. पनवेल-पेणच्या कारखान्यांत गणपतीचं पोट उठावदार दिसावं म्हणून गोलाईच्या कडेला गडद छटा मारतात. हरणाच्या अंगावर हेच काम उलटं झालेलं असतं: ऊन पडतं ती पाठ गडद, सावलीतलं पोट फिकं. ऊन आणि सावली एकमेकांना मारतात, गोलाई हरवते आणि जनावर सपाट होऊन झाडीत मिसळतं. नुसता हिरवा फासलेला माणूस मात्र स्वतःच्या सावलीने पकडला जातो. हे थेयरसारख्या चित्रकाराला सुचावं, यात नवल नाही. सावली हा त्याचा रोजचा धंदा. 1915 मध्ये फ्रेंच लष्कराने तोफा लपवायला चित्रकारांचं पथक उभारलं, ते उगाच नव्हे.

गैरसमज: पहिल्या महायुद्धात जहाजांवर काळेपांढरे पट्टे ओढले, ते लपवण्यासाठी.

वस्तुस्थिती: मुळीच नाही. भर समुद्रात जहाज लपत नाही, हे चित्रकार नॉर्मन विल्किन्सनने 1917 मध्ये ओळखलं होतं. पाणबुडीवाल्याला जहाजाची दिशा आणि वेग चुकीचा वाटावा, एवढाच पट्ट्यांचा हेतू. त्याने किती जहाजं वाचली, याचा निर्विवाद हिशेब कधी लागला नाही.

गैरसमज: भिंतीत विरघळलेल्या माणसाचे फोटो ही संगणकाची करामत.

वस्तुस्थिती: कलावंत लिऊ बोलिन तासन्‌तास निश्चल उभा राहतो, साहाय्यक त्याच्या अंगावर मागचं दृश्य ब्रशने रंगवतात. 2005 मध्ये बीजिंगमधली कलावंतांची वस्ती पाडली गेली, तिच्या निषेधातून हे सुरू झालं. पण कॅमेरा दोन पावलं सरकला की रेषा तुटतात आणि माणूस उघडा पडतो. कर्नाळ्याच्या पाचोळ्यात दिवसा दडून बसणाऱ्या रातवा पक्ष्याला अशी एक ठरलेली जागा मिळत नाही. बघणारा कुठूनही येईल, तेव्हा रातव्याला चहूबाजूंनी पाचोळ्यासारखंच दिसावं लागतं.